पुढाऱ्यावरील हास्य आणि हसणाऱ्याची जागा

राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात पक्ष, मतदान, दबावगट, नोकरशाही या सर्वांना स्थान असते. लोक आपल्या राज्यकर्त्यांना हसतात, या गोष्टीला मात्र सहसा तळटीपेचाही मान मिळत नाही. मतदार पाच वर्षांतून दोन-चार वेळा मत देतो. पुढाऱ्यांविषयी चार शब्द मात्र तो रोज बोलतो, आणि त्यांतील दोन तरी थट्टेचे असतात. नागरिकाच्या मनोवृत्तीची इतकी नियमित आणि इतकी अनाहूत साक्ष दुसरी कोणती मिळणार? विषय हलका वाटतो म्हणून तो बाजूस सारणे शास्त्राच्या दृष्टीने योग्य नव्हे.

मराठीतील राजकीय विनोदाचा संपूर्ण इतिहास देण्याचा संकल्प येथे नाही. मी एकच प्रश्न हाती घेतला आहे. पुढाऱ्याला हसणारा मनुष्य स्वतः कोठे उभा असतो? ज्या चित्राला तो हसतो त्या चित्राच्या आत, की त्याच्या बाहेर, सुरक्षित अंतरावर? राजकारणी पुरुषाचा उपहास आणि राजकारणाविषयीची सर्वंकष तुच्छता या दोहोंची आपण नेहमी गल्लत करतो. त्यांच्यातील भेद विनोदाच्या तिखटपणावर अवलंबून नसून हसणाऱ्याच्या या जागेवर अवलंबून आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

ज्या वृत्तीला इंग्रजी वळणाने आपण ‘सिनिक’ म्हणतो तिला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. ‘कुत्सितपणा’ म्हणावे तर त्यात द्वेषाची छटा अधिक येते, आणि ‘अश्रद्धा’ म्हणावे तर त्यात हसणे येत नाही. मूळ ग्रीक सिनिक पंथाचा डायोजिनीस हा सत्ताधाऱ्यांची थट्टा करी. पण त्यासाठी त्याने घरदार, मानमरातब या सर्वांवर आधी पाणी सोडले होते. जर्मन तत्त्वचिंतक पेटर स्लोटरडाइक यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्राचीन वृत्तीपासून आधुनिक वृत्ती वेगळी काढली आहे. आधुनिक सिनिकाला सर्व काही खोटे आहे हे ठाऊक असते, आणि ते ठाऊक असूनही तो त्या खोट्या व्यवहारात निमूटपणे सहभागी होत राहतो. पुढील विवेचनात हा भेद उपयोगी पडेल.

आता आपल्याकडील शब्दांकडे वळू. घरात, कचेरीत, महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षातसुद्धा ‘येथे राजकारण नको’ असे आपण म्हणतो, तेव्हा राजकारण म्हणजे कारस्थान हा अर्थ गृहीत असतो. हा अर्थ स्वातंत्र्योत्तर काळातील नैराश्यातून निघाला, अशी एक सार्वत्रिक समजूत दिसते. ती तपासून पाहण्यासारखी आहे. दासबोधाच्या अकराव्या दशकात राजकारणनिरूपणाचा स्वतंत्र समास आहे, आणि तेथे सावधपणा, गुप्तता, माणसे ओळखणे व राखणे यांना महत्त्व आहे. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात एखादे ‘राजकारण’ म्हणजे एखादी गुप्त वाटाघाट, एखादा चाललेला मसलतीचा डाव. तेव्हा या शब्दाला कारस्थानाचा वास जुनाच आहे. फरक इतकाच की पूर्वी त्यात निंदा नव्हती, कौशल्याचा गौरव होता. अर्थ बदलला नाही, आपला सूर बदलला.

‘पुढारी’ या शब्दाची गोष्ट याहून निराळी आहे. पुढे असणारा, वेळप्रसंगी पुढे होणारा, हा त्याचा साधा अर्थ. स्वातंत्र्यपूर्व काळात तुरुंगात जाणाऱ्याला, लाठी खाणाऱ्याला हा शब्द लागत असे, आणि त्यातील आदर इतका निःसंदिग्ध होता की १९३९ साली कोल्हापुरात निघालेल्या दैनिकाने ‘पुढारी’ हेच नाव धारण केले. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १९५१ साली, पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य आले. नोकर पाहिजे, जागा पाहिजे अशा जाहिरातींच्या भाषेत तो शब्द बसविला की काय होते, हे त्या शीर्षकावरूनच दिसते. बारा वर्षांत शब्दाची इतकी घसरगुंडी झाली, असा सोपा निष्कर्ष मात्र मी काढणार नाही. आदराचा अर्थ त्यानंतरही पुष्कळ काळ टिकून होता. किंबहुना तो टिकून होता म्हणूनच थट्टा लागू पडत होती. ज्या शब्दातून कोणतीही अपेक्षा उरली नाही त्याची थट्टा करता येत नाही.

अण्णाभाऊ साठे यांच्या ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ या लोकनाट्यांची नावेही याच दृष्टीने पाहावीत. देशभक्त, लोक, मंत्री हे सारे त्या काळचे भारदस्त शब्द. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली उभारलेल्या लाल बावटा कलापथकाची भूमिका उघड पक्षीय होती. त्यांचा उपहास सर्व राजकारण्यांना एका मापाने मोजणारा नव्हता. अमुक वर्गाचे राजकारण खोटे, आमचे खरे, असे तो सांगत असे. पु. लं.चे लोकनाट्य ज्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गावोगाव नेले त्यालाही आपली निष्ठा होती. म्हणजे पन्नाशीच्या दशकातील हा उपहास कार्यकर्त्यांनी केलेला उपहास होता. त्यांना पुढारी नको होता असे नव्हे, दुसऱ्या प्रकारचा हवा होता.

तथापि या मंडळींनी जो साचा उचलला तो तमाशाचा, आणि त्या साच्यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. म्हणून तेथे थोडे रेंगाळणे भाग आहे.

तमाशात गणानंतर गौळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण आणि पेंद्या वाटेत अडवितात आणि दाण, म्हणजे जकात, मागतात. हुज्जत सुरू होते. मौजेची गोष्ट अशी की रंगमंचावर पहिला करवसुली करणारा साक्षात देवच आहे, आणि त्याच्याशी वाद घालणारी मावशी त्याची भक्तही आहे. पुढे बतावणीतील थापेबाजी आणि मग वग. वगात राजा असतो, प्रधान असतो, कोतवाल असतो आणि सोंगाड्या असतो. राजा बहुधा भोळा, प्रधान बहुधा कारस्थानी. सोंगाड्या हवालदार असेल, शिपाई असेल किंवा राजाचा हरकाम्या असेल. काही झाले तरी तो दरबाराचा चाकर असतो. तो राजाला येडा ठरवितो, प्रधानाचे बिंग फोडतो, पण त्याचबरोबर त्याचा डोळा बढतीवर, बिदागीवर किंवा नाचणारणीवर असतो. त्याची लबाडी प्रधानापेक्षा लहान असली तरी जात तीच. प्रेक्षक सोंगाड्याच्या बाजूने हसतात आणि पुढच्याच क्षणी सोंगाड्यालाही हसतात. हसणारा येथे चित्राच्या आत आहे.

वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात (‘छपरी पलंगाचा वग’ हे त्याचे आधीचे रूप) हीच मांडणी आहे. कोतवालाची जागा रिकामी झाली आहे; हवालदाराला ती हवी आहे; प्रधानाला ती आपल्या मेव्हण्यासाठी हवी आहे; मैनावती नावाची नाचणारीण हवालदाराला मोहात पाडून राजाचा पलंग चोरावयास लावते. १९६५ साली दादा कोंडके यांनी हे लोकनाट्य रंगमंचावर आणले आणि त्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. राजा-प्रधानाचा काळ कोणता हे कोणी विचारले नाही. जागा रिकामी होणे, तिच्यासाठी मेव्हणा पुढे करणे, हा मजकूर प्रेक्षकांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. शिवाय दादा प्रयोगागणिक त्या दिवसाच्या घडामोडींवर नवी कोटी करीत. आपल्याकडे नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी परिनिरीक्षण मंडळास सादर करावी लागते, हे वाचकांस ठाऊकच आहे. पण संहिता तपासता येते, सोंगाड्याची जीभ तपासता येत नाही. बतावणी हा तमाशातील सर्वांत राजकीय भाग, आणि नेमका तोच कागदावर सर्वांत कमी उतरलेला.

या उत्स्फूर्ततेचे मोल ‘काळ’कर्त्या शिवराम महादेव परांजपे यांच्या वाट्याला आलेल्या प्रसंगावरून कळते. १८९८ पासून दहा वर्षे त्यांनी आपल्या पत्रातून वक्रोक्तीचे शस्त्र चालविले. स्तुतीच्या शब्दांत निंदा करण्याची ती कला सरकारला कळत नव्हती असे नाही. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. छापील उपहासाला पुरावा असतो. मात्र परांजप्यांचे लक्ष्य परकी राज्यकर्ता होते, आणि त्याला निवडून देण्यात वाचकाचा कोणताही भाग नव्हता.

आणि या ठिकाणी आपण विषयाच्या मर्मापाशी येतो. ‘कुंपणच शेत खाते’, ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ अशा म्हणींतून, वगातील प्रधानाच्या थट्टेतून किंवा ‘काळ’च्या लेखांतून ज्याला हसावयाचे तो हसणाऱ्याने नेमलेला नव्हता. राजा हा पावसापाण्यासारखा. जसा येईल तसा सोसावयाचा आणि पाठीमागे त्याला नावे ठेवावयाची. १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीने प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाच्या हाती मत दिले आणि हे नाते मुळातून पालटले. आता ज्याला हसावयाचे त्याला हसणाऱ्यानेच खुर्चीवर बसविलेले असते. विनोदाची भाषा मात्र जुनीच राहिली. प्रधानाविषयीचे विनोद आपण तसेच उचलून आमदाराला लावले. त्यात सोंगाड्याने आपली जागा केव्हा आणि कशी सोडली, हे पाहणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात हा बदल खेड्यापर्यंत पोहोचण्यास दोन संस्था विशेष कारणीभूत झाल्या. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. पुढे अशा कारखान्यांचे जाळे पसरले. दुसरी संस्था जिल्हा परिषद. १९६१ च्या अधिनियमानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कार्यान्वित झाल्या. यांतून जो पुढारी तयार झाला तो मुंबईहून मोटारीने येऊन भाषण करून जाणारा नव्हता. तो गावचा होता, भावकीतला होता, त्याच्या विहिरीला पाणी केव्हा लागले हे सर्वांना माहीत होते. उसाची तोड, सोसायटीचे कर्ज, शिक्षकाची बदली, रस्त्याची खडी हे सर्व त्याच्या शब्दावर अवलंबून राहू लागले. अशा माणसाला हसणे आणि त्याच्या ओसरीवर जाऊन बसणे या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडू लागल्या.

शंकर पाटील, द. मा. मिरासदार आदी कथाकारांच्या ग्रामीण विनोदात हा माणूस पुन:पुन्हा भेटतो. अनंत माने यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘एक गाव बारा भानगडी’ या १९६८ च्या चित्रपटातील झेलेअण्णा हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध अवतार. कथा शंकर पाटलांची आणि भूमिका निळू फुले यांची. ज्या नटाने सेवा दलाच्या कलापथकात काम केले, ‘पुढारी पाहिजे’मधील रोंग्याच्या भूमिकेने ज्याचे नाव झाले, तोच आता पुढारी होऊन पडद्यावर आला. माझ्या मते मराठी राजकीय उपहासाचा प्रवास एकाच नटाच्या भूमिकांवरून सांगावयाचा झाला तरी सांगता येईल. झेलेअण्णाची ती तिरकी नजर, तो हळू घोळून काढलेला आवाज. लोकांनी या माणसाची निंदा केली नाही. त्यांनी त्याची नक्कल केली. गावोगावी पोरे झेलेअण्णासारखी बोलू लागली. ‘इरसाल’, ‘बेरकी’ ही विशेषणे आपण पुढाऱ्याला लावतो तेव्हा त्यात किती निंदा आणि किती कौतुक असते, हे तराजूने तोलून पाहण्यासारखे आहे. लबाडी आपल्या बाजूची असेल तर ती हुशारी ठरते. येथे हास्य पुढाऱ्याला धक्का देत नाही. त्याला लोकप्रिय करते. ‘टोपी घालणे’ म्हणजे फसविणे हा वाक्प्रचार तर खुद्द पुढारीच सभेत वापरून टाळ्या घेतात.

याच काळात दुसऱ्या बाजूला आचार्य अत्रे होते. १९५६ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या ‘मराठा’ दैनिकातून त्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या विरोधकांवर जी झोड उठविली तिचे स्वरूप कित्येकदा अभिरुचीच्या मर्यादा ओलांडणारे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अत्र्यांना सिनिक म्हणता येणार नाही. ते नाव घेऊन बोलत, एका मागणीसाठी बोलत, आणि १९५७ साली स्वतः निवडणुकीस उभे राहून विधानसभेवर गेले. ज्याने दुसऱ्यांची टोपी उडविली त्याने आपली टोपीही मैदानात ठेवली होती. शिव्या सौम्य आहेत की जहाल, यावरून वृत्ती ठरत नाही याचे हे चांगले उदाहरण होय.

सत्तरीच्या दशकात विजय तेंडुलकरांनी हसण्याचाच हिशेब मांडला. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम प्रयोग झालेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये रंगमंचावर ब्राह्मणांची एक मानवी भिंत उभी असते. ती नाचते, गाते, कीर्तन ऐकते, आड काय चालले आहे ते झाकते आणि शेवटी घाशीरामाला ठेचावयासही सिद्ध होते. घाशीरामाला कोतवाल नाना करतो, आणि गरज संपताच त्याला जमावाच्या हवाली करून नानाच मोकळा राहतो. या नाटकावरील वादात नानांच्या चारित्र्याची चर्चा पुष्कळ झाली, भिंतीची फार थोडी. प्रेक्षकाच्या दृष्टीने अधिक अस्वस्थ करणारी वस्तू ती भिंतच आहे; कारण नाना एकटा आहे, भिंतीत मात्र अनेकांना जागा आहे.

‘सामना’ या डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित चित्रपटाची पटकथाही तेंडुलकरांची. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील ही भूमिका निळू फुले यांचीच. पण आता झेलेअण्णाचे कौतुक उरलेले नाही. त्याच्यासमोर डॉ. श्रीराम लागूंनी साकारलेला दारूत बुडालेला मास्तर येतो आणि मारुती कांबळे नावाच्या एका नाहीशा झालेल्या माणसाविषयी एकच प्रश्न विचारीत सुटतो. मास्तर हा सोंगाड्याचाच वंशज आहे. तो हिंदुरावाच्या घरी राहतो, त्याचे खातो, त्याची दारू पितो, आणि त्या घरात बसूनच विचारतो. त्याच्या प्रश्नाला धार येते ती तो बाहेरचा पवित्र माणूस नसल्यामुळे.

पाच वर्षांनी, १९७९ साली, त्याच दिग्दर्शकाचा ‘सिंहासन’ आला. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर तो आधारलेला आहे. मुख्यमंत्र्यांचे आसन डळमळते, अर्थमंत्री ते बळकावू पाहतो, कामगारनेता आणि तस्कर आपापले हिशेब करतात, आणि या सर्वांच्या मध्ये दिगू टिपणीस हा पत्रकार फिरतो. हा दिगू म्हणजे पुन्हा निळू फुले. रोंग्या, झेलेअण्णा, हिंदुराव आणि आता केवळ पाहणारा, सर्व काही जाणणारा साक्षीदार. त्याला आतील बातमी आहे, पण करण्यासारखे त्याच्यापाशी काही नाही. अखेर तो वेड लागल्यासारखा हसत सुटतो. मराठी चित्रपटातील हे सर्वांत भयंकर हास्य असावे. ज्ञान आहे आणि भाग नाही, अशा अवस्थेत हास्याचे काय होते, हे तेथे दिसते. सोंगाड्या रंगमंचावरून उतरून प्रेक्षकांत येऊन बसला आहे.

या बदलाला एक सौम्य, सर्वप्रिय आणि म्हणूनच दुर्लक्षित राहिलेले रूप आहे. आर. के. लक्ष्मण यांनी मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त १९५१ पासून पहिल्या पानावर जे छोटे व्यंगचित्र सुरू केले त्यातील चौकटीच्या कोटातला, धोतर नेसलेला ‘सामान्य माणूस’ अर्धशतकाहून अधिक काळ मंत्र्यांच्या घरी, विमानतळावर, दुष्काळी गावात सर्वत्र हजर राहिला आणि कधीही काही बोलला नाही. लक्ष्मण यांच्या रेषेचे सामर्थ्य वादातीत आहे. प्रश्न त्या माणसाविषयी आहे. तो निरपराध आहे. त्याने कोणाला मत दिले हे आपणांस कधी कळत नाही. त्याने कधी मंत्र्याकडे मेव्हण्याच्या बदलीची चिठ्ठी मागितली असेल अशी शंकाही येत नाही. रोज सकाळी लाखो वाचकांनी आपणच तो आहोत असे मानले. आणि या मानण्यात एक मोठी सोय होती. हसणारा आता चित्रात दिसतो खरा, पण चित्रातील व्यवहारात तो नसतो.

ही सोय आपल्याच काळाने शोधली असे समजू नये, म्हणून एका फार जुन्या आणि दूरच्या उदाहरणाचा आधार घेतो. इ. स. पूर्व ४२४ मध्ये अथेन्समध्ये ॲरिस्टोफेनिसचे ‘नाइट्स’ हे सुखान्त नाटक झाले. त्यात डेमॉस, म्हणजे प्रत्यक्ष ‘जनता’, हा एक चिडखोर म्हातारा घरधनी आहे. त्याच्या नव्या गुलामाने खुशामत करून त्याला मुठीत ठेवले आहे. हा गुलाम म्हणजे त्या वेळचा प्रबळ पुढारी क्लीऑन, हे प्रेक्षकांना लगेच कळे. त्याला हटविण्यासाठी त्याच्याहूनही निर्लज्ज असा एक मांसाच्या कांड्या विकणारा फेरीवाला आणला जातो. दोघांत म्हाताऱ्याला गोडधोड खाऊ घालण्याची, त्याच्या बुडाखाली उशी सरकविण्याची चढाओढ लागते. आणि मध्येच म्हातारा सुचवितो की मी दिसतो तितका मूर्ख नाही. चोरांना पोसणे मला परवडते म्हणून मी पोसतो. येथे जनता निरपराध नाही. ती लाडावलेली आहे आणि सर्व समजून आहे. या नाटकाला पहिले पारितोषिक मिळाले. आणि त्यानंतर थोड्याच काळात त्याच अथेन्सकरांनी क्लीऑनला सेनापती म्हणून निवडून दिले.

या घटनेवरून विनोद निष्फळ असतो असे काही पंडितांनी म्हटले आहे. मला तसे वाटत नाही. अथेन्सकर नाटकात जे हसले आणि सभेत ज्या हाताने मत दिले, त्या दोहोंत त्यांना विसंगती वाटली नसावी. ॲरिस्टोफेनिसने तर तेच सांगितले होते. त्यांनी फक्त क्लीऑनविषयीचा भाग ऐकला आणि डेमॉसविषयीचा सोडून दिला. श्रोता आपल्या सोयीचा अर्धा विनोद घेतो, ही अडचण तेव्हाही होती.

आपल्याकडे हा अर्धा विनोद आता मोठ्या प्रमाणावर तयार होतो. १९६७ साली हरयाणातील आमदार गयालाल यांनी थोड्या दिवसांत अनेकदा पक्ष बदलला, त्यावरून आलेला ‘आयाराम-गयाराम’ हा प्रयोग मराठीने केव्हाच आपलासा केला. १९८५ साली पक्षांतरबंदीची घटनादुरुस्ती झाली, तरी शब्द निवृत्त झाला नाही. ‘साखरसम्राट’, ‘शिक्षणसम्राट’ हे शब्द उपहासाने जन्मले आणि ‘कार्यसम्राट’ हा त्यांचा भाऊबंद आता चौकाचौकातील फलकांवर गंभीरपणे, स्वखर्चाने झळकतो. उपहास इतका पचविला गेला आहे की तो पदवी होऊन परत येतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी ‘खोके’ या शब्दाची घोषणा केली. त्या आरोपाच्या खरेखोटेपणाशी येथे कर्तव्य नाही; परंतु महिन्याभरात तो शब्द लग्नाच्या पंगतीत आणि लहान मुलांच्या भांडणात ऐकू येऊ लागला, आणि तेथे कोणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. भ्रष्टतेचा आरोप हा एक गमतीचा शब्द म्हणून सर्वांनी वाटून घेतला.

हीच वृत्ती मतपेटीत उतरते तेव्हा तिचे दोन निराळे आकडे मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानंतर मतदानयंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आला. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात हा पर्याय सुमारे २७ हजार मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर राहिला. पण याच महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सुमारे ६६ टक्के मतदारांनी मतदान केले. सर्व पुढारी सारखेच चोर, असे दिवसभर म्हणणारा समाज मोठ्या संख्येने रांगेत उभा राहतो, यावरून आपली अश्रद्धा बोलण्यापुरती आहे असा एक निष्कर्ष निघतो. दुसरा निष्कर्ष असा की ती खरी आहे, आणि मत हे श्रद्धेने द्यावयाचे नसून व्यवहाराने द्यावयाचे, असे मतदाराने ठरविले आहे. मला दुसरा निष्कर्ष अधिक संभवनीय वाटतो. पुढारी चोर आहे हे ज्याला पक्के माहीत असते तो त्याच्याकडून न्यायाची अपेक्षा करीत नाही. तो आपला वाटा मागतो. आणि वाटा मागणाऱ्याला हिशेब मागता येत नाही. स्लोटरडाइक ज्याला आधुनिक सिनिक म्हणतात तो हाच.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. छापील लोकनाट्ये आणि चित्रपट सहज उपलब्ध आहेत आणि त्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. ज्याची नोंद नाही ती बतावणी. जुन्नर तालुक्यात नारायणगाव येथे गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तेथे येऊन आपल्या जत्रेसाठी सुपारी ठरवितात. एखाद्या फडाबरोबर एक हंगाम हिंडून सोंगाड्याच्या आयत्या वेळच्या कोट्या टिपून घेता येतील. टिपताना केवळ कोटी लिहून भागणार नाही. ती कोणत्या गावात केली, दुसऱ्या गावात ती बदलली काय, कोणाचे नाव घेतले आणि कोणाचे टाळले, सोंगाड्याने त्यात स्वतःला गोवले की नाही, पहिल्या रांगेत कोण बसले होते, आणि प्रथम कोण हसले, हेही त्याच पानावर लिहावे.